पश्चिमेच्या भिंतीचं काय करायचं?

प्रश्न: आमचं घर चिकोडी तालुक्यात, दूधगंगेकाठच्या गावात आहे. पुढचा भाग आजेसासऱ्यांनी बांधलेला, मातीच्या जाड भिंती आणि वर कौलं. मागं १९९४ साली दोन खोल्या वाढवल्या. त्या विटांच्या, नऊ इंची भिंतीच्या, वर स्लॅब. त्यातली पश्चिमेची खोली सासूबाईंची. न्हाणी-संडास लागून असल्यामुळं त्या तिथंच झोपतात. वय ७८. एप्रिल-मे महिन्यात त्या खोलीची भिंत रात्री बारापर्यंत हाताला गरम लागते, पंखाही गरमच वारा देतो. एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतात, सगळ्या घराला आतून दोन इंच थर्माकोल आणि त्यावर जिप्सम बोर्ड मारू. मातीच्या भिंतींना त्याआधी सिमेंटचा गिलावा करू. एक लाख ऐंशी हजारांचा अंदाज दिलाय. यजमान म्हणतात, त्यापेक्षा जुनं पाडून सगळीकडं स्लॅब टाकू. मला दोन्ही पटत नाही, पण का ते सांगता येत नाही. काय करावं?
— एक वाचक, चिकोडी तालुका

ताई,

तुम्हाला खटकतंय ते बरोबरच आहे. कारणं सविस्तर लिहिते, म्हणजे घरात बोलताना तुम्हाला अडखळायला होणार नाही. पण आधी सासूबाईंचं. घराचं काम उरकायला दिवाळी उलटेल, आणि त्यांना आज रात्री झोपायचं आहे.

पाऊस लागेपर्यंत त्यांची रात्रीची खाट पुढच्या सोप्यात आणा. मातीच्या भिंतींचा तो भाग तुमच्या घरातला सगळ्यात थंड भाग आहे. संडासाची अडचण आहे हे कळतं. त्यासाठी कमोडची खुर्ची मिळते, ती रात्रीपुरती खाटेशेजारी ठेवता येईल. या वयात आपली खोली सुटली की आपल्याला बाजूला सारल्यासारखं वाटतं, म्हणून त्यांचं कपाट, देव, औषधं काहीच हलवू नका. सकाळच्या वेळी त्या खोलीत बसू देत. अजिबात ऐकल्या नाहीत, तर निदान खाट पश्चिमेच्या भिंतीपासून काढून आतल्या भिंतीला लावा. तापलेल्या भिंतीची धग थेट अंगाला लागते, चार-पाच हात लांब गेलं तरी फरक पडतो. आणि म्हाताऱ्या माणसाला तहान लागल्याचं लवकर कळत नाही, तेव्हा त्यांनी न मागता पाणी, ताक, पेज देत राहा. असंबद्ध बोलणं, ग्लानी, अंग खूप तापणं यातलं काही दिसलं तर लगेच १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत ओल्या फडक्यानं अंग पुसत राहा, वारा घाला. सकाळपर्यंत थांबू नका.

आता भिंतीकडं येऊ. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी ऊन चढतं आणि मे महिन्यात संध्याकाळी साडेसहापर्यंत राहतं. नऊ इंची विटेतून ही उष्णता आत पोचायला साधारण सहा ते आठ तास लागतात. म्हणजे दुपारी चारचा कडाका खोलीच्या आत जाणवतो रात्री दहा ते बाराला, नेमका सासूबाईंच्या झोपेच्या वेळी. भिंतीत काही बिघाड नाही, त्या जाडीच्या विटेचं असंच होतं. पुढच्या मातीच्या भिंती त्याहून खूप जाड आहेत. तिथं दिवसाची उष्णता आतवर पोचायच्या आत बाहेर रात्र झालेली असते, भिंत बाहेरून निवायला लागलेली असते, आणि जी थोडी आत येते ती इतकी विरलेली असते की हाताला कळतही नाही.

पण खोलीतली सगळी उष्णता भिंतीची नाही. मोठा वाटा डोक्यावरच्या स्लॅबचा आहे. आपला भाग साडेसोळा अक्षांशाच्या आसपास येतो. त्यामुळं मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि त्यानंतर थोडा उत्तरेकडंच कलतो. स्लॅबवर ऊन सरळ कोसळतं. दक्षिणेच्या भिंतीवर मात्र त्या महिन्यात ते जवळजवळ पडतच नाही, तिच्यावर ऊन येतं थंडीत, तेव्हा ते हवंच असतं. पूर्वेच्या भिंतीवरचं सकाळचं ऊन आत येतं दुपारी, आणि रात्रीपर्यंत ती निवते. उत्तरेला सकाळ-संध्याकाळ थोडं तिरपं ऊन, बस्स. चारही भिंतींना थर्माकोल मारायचं म्हणजे तीन भिंतींचे पैसे वाया घालवायचे, आणि ज्या छतावर सगळ्यात जास्त ऊन पडतं ते तसंच उघडं ठेवायचं.

माझ्या शब्दावर जाऊ नका, स्वतः तपासा. बंदुकीसारखा थर्मामीटर मिळतो, ताप बघायचा नव्हे, यंत्रांचं तापमान बघायचा. कुणाकडून उसना मिळाला तर उत्तम, नाहीतर हात आहेच. दुपारी चारला, संध्याकाळी सातला आणि रात्री अकराला स्लॅबची खालची बाजू, पश्चिमेची भिंत आणि आतली भिंत असं तिन्ही तपासा आणि वहीत लिहून ठेवा. पाच इंचांच्या स्लॅबमधून उष्णता तीन-चार तासांतच खाली येते. त्यामुळं चार-पाच वाजल्यापासून छत तापलेलं आणि रात्री त्यात भिंतीची भर, असंच चित्र दिसेल असं मला वाटतं.

यजमानांना कागदावरचा आधार हवा असेल तर तोही आहे. केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीनं २०१८ साली नव्या राहत्या इमारतींसाठी 'इको निवास संहिता' आणली. त्यात छतासाठी स्वतंत्र अट आहे: एक चौरस मीटर छतातून, आत-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना, १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये. उघडा स्लॅब याच्या साधारण तिप्पट उष्णता आत सोडतो. तुमच्या जुन्या घराला ही संहिता लागू नाही, पण जाणकारांचं लक्ष आधी कुठं जातं ते यावरून समजेल.

म्हणून पहिलं काम गच्चीचं, आणि ते याच आठवड्यात होण्यासारखं आहे. गच्ची झाडून, धुऊन चुन्याचे दोन-तीन हात द्या. चुना चांगला भिजवून गाळून घ्या, त्यात थोडं पांढरं सिमेंट आणि फेव्हिकॉल मिसळा म्हणजे तो लगेच पुसला जात नाही. काळपट जुना कोबा उन्हाचा बहुतेक भाग पिऊन घेतो. ताजा पांढरा चुना त्यातला बराचसा परत आकाशाकडं फेकतो. दोन पावसाळ्यांत तो जातो, म्हणून दर वर्षी शिमगा झाला की पाडव्याच्या आत पुन्हा एक हात मारायचा. खर्च गड्याच्या मजुरीचा आणि चुन्याचा, एवढाच. चुना ओला असताना पायाखाली फार निसरडा असतो, डोळ्यांना तर घातकच, तेव्हा पोरांना वर पाठवू नका. कुणी उसाचं पाचट गच्चीवर पसरायला सांगेल. आपल्याकडं गोठ्याच्या पत्र्यावर टाकतात तसं. थंडावा येतो हे खरं, पण उंदीर होतात आणि एका ठिणगीवर सगळं पेटतं. माणसं झोपतात त्या छतावर ते नको.

हाताशी पैसे असतील तर पुढच्या उन्हाळ्याआधी गच्चीवर पक्कं काम करा, आणि माझ्या मते तुमच्या एक लाख ऐंशी हजारांतला पहिला हिस्सा इथं लागायला हवा. आधी गळती बंद करायची. मग वॉटरप्रूफिंग, त्यावर दोन इंचांचे एक्सपीएसचे बोर्ड, आणि त्यांच्यावर जाळी घालून पातळ कोबा आणि पांढऱ्या चिनी मोझॅकचे तुकडे. एक्सपीएस म्हणजे थर्माकोलचाच घट्ट भाऊबंद, पण तो पाणी पीत नाही. दोन इंचांचा बोर्ड उष्णता अडवण्यात तीन फुटांहून जाड विटांच्या भिंतीच्या तोडीचा असतो. तो उघडा ठेवायचा नाही, उन्हानं खराब होतो. एका गोष्टीवर मात्र अडून बसा: जुन्या कोब्यावर नवा जाड कोबा चढवू देऊ नका. चार इंचांच्या ब्रिकबॅट कोब्याचं, म्हणजे विटांचे तुकडे घालून केलेल्या कोब्याचं, वजन दर चौरस फुटाला पंधरा-वीस किलो भरतं, आणि गळती थांबवायला म्हणून एकावर एक कोबे टाकलेल्या गच्च्या आपल्याकडं कमी नाहीत. १९९४ च्या स्लॅबवर किती भार चालेल हे इंजिनिअरनं येऊन बघितल्याशिवाय ठरवू नका. खालून सळ्या दिसायला लागल्या असतील, प्लास्टरचे पापुद्रे पडत असतील, तर आधी ती दुरुस्ती.

आता थर्माकोल. वस्तू वाईट नाही, ती लावायची जागा चुकतेय. आतून लावली की भिंत बाहेरून तापतच राहते, फक्त खोलीपासून तुटते. मग त्याच भिंतीचा पहाटेचा थंडपणाही खोलीला मिळत नाही. दुसरं, भिंतीतल्या वायरी. पीव्हीसीची वायर थर्माकोलला लागून राहिली की तिच्या वेष्टणातला मऊपणा आणणारा घटक थर्माकोलमध्ये उतरतो आणि वेष्टण कडक होऊन तडकतं. त्यात थर्माकोल पेटला की काळा, विषारी धूर सोडतो. सासूबाईंच्या खाटेशेजारी, स्विचबोर्डाच्या मागं ही जोडी मला नको. मुंग्या आणि उंदीर त्यात घर करतात हे वेगळंच. एसी बसवून खोली झटपट थंड करायची असेल तर आतून अस्तर करण्याला काही अर्थ आहे, आणि तेव्हाही आगीला दाद न देणारी रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून केलेल्या तंतूंची गादी, बघावी. तुम्ही एसीचं काही लिहिलेलं नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

पण सगळ्यात मोठं कारण पाण्याचं आहे, आणि आपल्या भागातलं घर बघताना मी आधी तेच बघते. आपल्याकडं मोसमी वारा पश्चिमेकडून येतो. जी भिंत मे महिन्यात ऊन खाते, तीच जून ते सप्टेंबर पावसाची झड खाते. बारीक तडे गेलेल्या गिलाव्यातून ओल आत येते, आणि आज ती दोन्ही बाजूंनी वाळते. आतून थर्माकोल आणि जिप्सम लावलं की आतली वाट बंद. ओल मागं कोंडते, बुरशी धरते, जिप्सम फुगतं, आणि तुम्हाला हे कळतं दोन पावसाळ्यांनंतर खोलीला कुबट वास यायला लागला की. खानापूर, कणकुंबीकडच्या वाचकांनी तर हे दुप्पट मनावर घ्यावं. तुमच्याकडं पाऊस त्यापेक्षा कितीतरी कमी, तरी श्रावणातली झड काही कमी नसते.

मग या भिंतीला काय? बाहेरून सावली. जमत असेल तर पश्चिमेला पडवी काढा, सहा फूट रुंद, वर मंगळुरी कौलं. बेळगावात कॅम्पातले जुने बंगले बघा, खोलीच्या भिंतीवर ऊन पडूच नये म्हणून भोवती खोल व्हरांडे काढलेत. पडवीनं ऊन आणि झड दोन्हींचा बंदोबस्त एकदम होतो, म्हणून मी तिला भिंतीवर काहीही चिकटवण्यापेक्षा वर धरते. पण नुसतं छप्पर पुरणार नाही. मे महिन्यात संध्याकाळी पाचला सूर्य इतका खाली असतो की सहा फुटांच्या पडवीची सावली भिंतीवर वरून जेमतेम तीन फूट उतरते. खालचा भाग उघडाच राहतो. तिथं पडवीच्या बाहेरच्या कडेला शेडनेट सोडा. रोपवाटिकेवर लागतं तेच हिरवं कापड, गुंडाळून वर बांधता येईल असं. बांबूची चटई असेल तर अजून बरं. उन्हाळ्यात सूर्य सरळ पश्चिमेला मावळत नाही, थोडा उत्तरेकडं सरकून मावळतो. म्हणून पडवीचं उत्तरेचं टोक भिंतीच्या पुढं दोन-तीन फूट जास्त काढा आणि त्या बाजूलाही कापडाची सोय ठेवा. या भिंतीत खिडकी असेल तर आतला पडदा फार कामाचा नाही, ऊन काचेतून आत आलं की आलंच. ते बाहेरच अडवायला हवं.

पडवी यंदा होणार नसेल तर भिंतीपासून दीड-दोन हातांवर बांबू रोवून शेडनेट ताणा. भिंतीला चिकटवू नका, मधून वारा खेळला पाहिजे. पुढच्या वर्षी वेळेत पेरून त्याच बांबूंवर घोसाळी, दोडकी चढवा. भिंतीचा बाहेरचा रंग गडद असेल तर तडे भरून पांढरा किंवा फिकट पिवळसर करा. याच्याइतकं स्वस्त काम दुसरं नाही.

कुणी गवंडी सांगेल, बाहेरून चार इंची दुसरी भिंत उभी करू, मधे दोन इंचांची पोकळी ठेवू. पोकळ भिंत चांगली असते, नवं घर बांधताना तिचा जरूर विचार करावा. पण तुमचं गाव काळ्या जमिनीचं. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. उथळ पायावरची ती नवी पातळ भिंत एकीकडं हलणार, जुनी दुसरीकडं, आणि दोन-चार वर्षांत मधे फट पडून पाणी थेट आत. खोल पाया घ्यायचा म्हटलं तर तेवढ्या पैशात पडवी होते.

आणि रात्री खिडक्या उघडा. हे इतकं साधं आहे की लोक सोडून देतात. छत आणि भिंत कितीही सांभाळली, तरी दिवसभरात आत शिरलेली उष्णता रात्री बाहेर पडायला वाट लागते. सकाळी आठ-नऊला खिडक्या लावायच्या, सूर्य मावळून बाहेरची हवा निवली की उघडायच्या. डासांसाठी जाळी, चोराचिलटांसाठी गज. खोलीला एकच खिडकी असेल तर समोरच्या बाजूला, छताजवळ एक झरोका पाडून घ्या किंवा एक्झॉस्ट पंखा बसवा, म्हणजे वर साचलेली गरम हवा निघून जाईल. वळीव पडून गेल्यावर हवा दमट होते, तेव्हा मात्र यातल्या कशाचाच फारसा उपयोग नाही, फक्त पंख्याचा वारा अंगावर घ्यायचा.

यजमानांच्या म्हणण्यावर येते. ताई, ते जुनं पाडू देऊ नका. तुमच्या घरात उन्हाळ्याला पुरून उरणाऱ्या भिंती आहेत त्या तेवढ्याच, आणि आज तशा बांधायच्या म्हटलं तर गवंडी शोधत फिरावं लागेल. ते पाडून नऊ इंची वीट आणि स्लॅब केलात, तर जी खोली आज तुम्हाला छळते तशाच आणखी दोन-तीन तयार होतील. त्या भिंतींना सिमेंटचा गिलावाही नको. माती ओल घेते आणि सोडते, सिमेंट ती कोंडून धरतं. काही वर्षांत गिलावा फुगून मोठमोठे पापुद्रे सुटतात आणि येताना मातीही घेऊन येतात. आतला भाग पोखरला गेल्याचं बाहेरून कळतही नाही, हे जास्त वाईट. खालच्या दोन-तीन फुटांत कुणी आधीच सिमेंट मारलेलं असेल तर जाणत्या गवंड्याकडून ते हळूहळू काढून घ्या. गिलावा मातीचा किंवा चुन्याचा, वर चुन्याची सफेदी. जोत्याभोवती पाणी साचू नये म्हणून उतार द्या, वळचणीला पन्हाळ लावा, वाळवीची रेघ दिसली तर लगेच बघा. मातीच्या भिंतीला मारतात ते पाणी आणि वाळवी. कौलं पावसाआधी शाकारून घ्या, फुटकी बदला. पुढच्या भागात दुपारी जी थोडी धग येते ती कौलांतून येते. तिथं आढ्याखाली लाकडी फळ्यांची किंवा बांबूच्या चटईची तक्तपोशी केली तर तीही जाईल, आणि कोपऱ्यातून वारा जायला जागा ठेवली तर फारच छान.

अथणी-रायबागकडच्या ज्या वाचकांची माळवदाची घरं आहेत, त्यांनाही हेच सांगेन. त्या पांढऱ्या मातीच्या जाड थराची निगा राखा. गळतं म्हणून माळवद उतरवून पत्रा टाकणाऱ्यांना पहिल्याच एप्रिलमध्ये फरक कळतो.

क्रम असा ठेवा. चुना आणि शेडनेट आत्ता. पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीवर आतून ओल कुठवर चढते तिथं पेन्सिलीनं खुणा करून तारीख घाला. बाहेरचे तडे दसऱ्यानंतर, भिंत पूर्ण वाळल्यावर भरून घ्या. गच्चीचे बोर्ड आणि पडवी दिवाळीनंतर. कॉन्ट्रॅक्टर तेच ठेवायला हरकत नाही, माणूस कामाचा असेल तर हेही काम करील. फक्त बोर्डाचा प्रकार, जाडी आणि दर चौरस फुटाचा भाव लेखी घ्या, आणि गच्चीवर पाणी बांधून दोन दिवस गळती बघितल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

पडवीच्या खांबांचे खड्डे काढाल तेव्हा काळी माती किती खोल जाते आणि खाली मुरूम लागतो का, ते कळवा. खांबांचा पाया किती घ्यायचा हे त्यावर ठरेल. स्लॅबच्या खालच्या बाजूचा फोटोही त्याबरोबर पाठवा.